बिसनजी आणि घागऱ्याखालचा प्रश्न

बिसनजी बिडीलासुद्धा दोनदा दोरा गुंडाळायचे. गोंदियात बिड्या वळणारे घरोघर. पण पान वळलं, दोरा फिरवला, बिडी सुपात टाकली की विषय संपला असं बाकीचे मानत. बिसनजींचा विषय तिथे सुरू व्हायचा. दोरा सुटला तर? ओढणाऱ्याच्या तोंडात तंबाखू गेली तर? तो ठसका लागून मेला तर? म्हणून वर आणखी एक दोरा. कारखान्याचा मुनीम ओरडायचा, "अरे बिसन, बीड़ी बना रहा है कि मुर्दा बाँध रहा है?" बिसनजी मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन पुन्हा दोन दोरे.

कपड्यांचंही तेच. आत लंगोट, वर धोतर, धोतरावर सुतळी, सुतळीवर चामड्याचा पट्टा. मी एकदा विचारलं, "बिसनजी, पट्टा असताना सुतळी कशाला?"

"समजा जी, पट्टा तुटला."

"बरं, पट्टा तुटला. मग धोतराची गाठ आहे ना?"

"समजा जी, गाठच सुटली. मानसाले सांगून सुटते का गाठ?"

हा 'समजा' म्हणजे बिसनजींचा जीव की प्राण. बाकीची माणसं घडलेल्या गोष्टींची काळजी करतात. बिसनजींना तेवढ्यात भागत नसे. माझी नोकरी रेल्वेच्या मालगुदामात कारकुनाची. घरं आमची भिंतीला भिंत लागून. सकाळी मी डबा घेऊन निघालो की हे ओसरीवर बिड्या वळत बसलेले असायचे आणि मला रोज एक नवा 'समजा' बांधून द्यायचे. समजा जी, डबा पालथा झाला. समजा जी, गाडी रुळावरून उतरली आन तुमच्याच खोलीत घुसली. दुपारी मालगाडीची शिट्टी वाजली की माझाच जीव दचकायचा.

या माणसाची काळजी एकाच वेळी थांबायची, मशक वाजवताना. मशक म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. तोंडाने फुगवायची, काखेत दाबायची आणि नळीवर बोटं फिरवायची. पलटणीतलं वाद्य. तरुणपणी कामठीच्या छावणीत पाणी भरायच्या कामावर असताना कुणा फौजीकडून ते शिकून आले होते. लग्नसराईत छोटेलाल सेठच्या बँडमध्ये मशक वाजवायचे. अंगकाठी ही अशी, वाळल्या तुराटीसारखी. पण ओसरीवर नुसती फुंकून पाहिली तरी कोसावरच्या नागरा गावच्या महादेवाला जाग यावी असा आवाज. वाजवताना काळजी नसायची, कारण तोंडात नळी. 'समजा' म्हणायला जागाच नाही.

तर अशा माणसावर घागऱ्याचं संकट कोसळलं.

लढाई नुकतीच संपली होती आणि गोऱ्या पलटणी मायदेशी निघाल्या होत्या. कामठीला त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. छोटेलाल सेठ एखादा ढोल मिळतो का पाहायला गेला आणि पत्र्याची भली मोठी पेटी घेऊन आला. पेटीत हिरव्या-निळ्या चौकड्यांचे जाड लोकरी घागरे होते. गुडघ्यापर्यंतचे, बारीक चुण्यांचे, कमरेला पट्ट्याने आवळायचे. सोबत पितळी बटणांचे कोट, टोप्या, लांब मोजे आणि पुढे लटकवायच्या केसाळ थैल्या. गोऱ्यांतली एक जात हे घालून, मशक वाजवत लढाईला जाते म्हणे. सेठला ते फार आवडलं. त्याने बँडवाल्यांना बोलावून हुकूम सोडला, "इस लगन में अपना बैंड गोरा बैंड दिखना चाहिए. जिसको घाघरा नहीं पहनना, वो घर बैठे."

त्याच संध्याकाळी बिसनजी माझ्याकडे आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इकडेतिकडे पाहून त्यांनी ते माझ्यापुढे उलगडलं आणि अगदी हळू विचारलं, "बाबूजी, याच्या आत काय घालतेत?"

मी घागरा हातात घेऊन पाहिला. वर पट्टा, मध्ये चुण्या, खाली काही नाही. सरळ उघडा.

"तुम्ही तर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचलात ना? सगळा गाव पाहत होता. तेव्हा नाही वाटली लाज?"

"लुगड्याले कास्टा असते जी!" बिसनजी कळवळून म्हणाले. "दोन्ही पायातून मागं जाऊन खोचलेला असते. त्याचा भरोसा हाय. हे त खालून बिनदाराचं घर हाय."

"बाकीचे बँडवाले काय घालताहेत?"

"त्याइले काय फिकीर? त्याइच्या पुढं ढोल हाय, ताशा हाय. झाकून जाते सारं. माया पुढं काय हाय जी? मशक त काखेत असते."

आमच्या सौभाग्यवतींनी दाराआडून घागरा पाहून घेतला होता. त्यांनी एवढंच सांगितलं की चुण्या पुढे घ्यायच्या. निऱ्या पुढे असतात हे कुणीही सांगेल. बिसनजींना ते पटलं. सेठलाही पटलं. सगळ्या बँडने घागरे चुण्या पुढे करूनच घातले. पुढे फार वर्षांनी मी एका चित्रात पाहिलं, गोरे लोक त्या चुण्या मागे ठेवतात. पुढे सपाट, जड कापड, म्हणजे चालताना काही उडायला नको. आमच्या मंडळींच्या दर पावलाला गुडघा चुण्यांना लागायचा आणि चुण्या कोंबड्याने पंख झाडावेत तशा वर यायच्या. पण निऱ्या मागे कोण नेसतं? गोंदियात तरी कुणी ऐकलं नसतं.

पहिला प्रयोग लंगोटाचा झाला. रविवारी दुपारी मी बायकोला शेजारी हळदीकुंकवाला धाडलं आणि परसात बिसनजी घागरा घालून उभे राहिले. वारा मी. माझ्या हातात सूप दिलं होतं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी चारी दिशांनी वाहत होतो.

"पुढून काय दिसते जी?"

"काही नाही. लंगोट चोख आहे."

"आन मागून?"

मी मागे जाऊन सूप हलवलं. "मागून बिसनजी दिसतात," मी म्हटलं.

ते मटकन खालीच बसले.

दुसरा प्रयोग धोतराचा. अख्खं धोतर गुंडाळून वर घागरा चढवला, तर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसल्यासारखा आकार झाला. सेठने तालमीच्या वेळी पाहिलं आणि म्हणाला, "ये क्या है? घाघरे में गादी भरी है क्या?" बाकीचे बँडवाले हसले. बिसनजींचं तोंड एवढंसं झालं.

मग मला वाटलं, ज्यांचा घागरा त्यांनाच माहीत. स्टेशनावरचा चहावाला पूर्वी छावणीत गोऱ्यांची भांडी घासायचा. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. बिसनजींची विचारायची हिंमत होईना, म्हणून मीच विचारलं. तो चहा गाळता गाळता म्हणाला, "अंदर? अंदर कुछ नहीं पहनते साहब लोग."

"कुछ नहीं?"

"कुछ भी नहीं. कायदा ही ऐसा है."

बिसनजींनी बशीतला चहा तसाच ठेवला. येताना पुलाशी आल्यावर म्हणाले, "बाबूजी, एवढं मोठं राज. समुंदरापल्याडून चालवलं. आन खाली काईच नाई?"

"असं म्हणतो तो."

"मंग राज जाईन नाई त का होईन जी!"

तेव्हा सगळा देश स्वराज्याची चर्चा करत होता. मालगुदामात आम्ही रोज वर्तमानपत्र वाचून वाद घालायचो. इंग्रज का चालले याची इतकी सोपी मीमांसा मी कुठेच वाचली नव्हती.

तिसरी झाली मांजरपाटाची चड्डी. गुडघ्याच्या वर संपणारी, घागऱ्याच्या आत राहणारी. झाकलं सगळं. पण वैशाखाचं ऊन, वर लोकर, आत कोरं मांजरपाट. स्टेशनापर्यंत एकदा चालून आले आणि परत आले ते पाय फाकून, बदकासारखे. मांड्यांना खोबरेल तेल चोपडत म्हणाले, "झाकलं त जी सारं. पन आता चालाव कसं?"

तोवर मी पुरता वैतागलो होतो. लग्न जवळ आलं होतं आणि बिसनजींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्री भिंतीपलीकडून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. त्यांना झोप नाही म्हणून मला नाही. शेवटी मी म्हटलं, "बिसनजी, एवढा घोर कशाला? सेठला सांगा, येत नाही म्हणून. एका लग्नाने काय होतं?"

हातातली बिडी त्यांनी दोनदा गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली.

"बारात दवनीवाड्याले जाऊन रायली जी," ते म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दवनीवाड्याला त्यांची एकुलती लेक पारबता दिली होती.

बिसनजींची बायको पोर लहान असतानाच गेली. वेणीफणीपासून सगळं बापानेच केलं. वेणीलासुद्धा दोन फिती बांधायचे. ही पारबता धानाच्या रोवणीला गेली असताना चिखलात सपासप चालणारा तिचा हात पाहून दवनीवाड्याच्या एका खात्यापित्या शेतकऱ्याने आपल्या मुलासाठी आपण होऊन मागणी घातली. बिसनजींना स्वर्ग दोन बोटं उरला. पण लग्नाच्या पंगतीत वरपक्षातलं कुणीतरी म्हणालं, "पोरगी ठीक हाय, पन हाय त बाजेवाल्याची." ते ऐकल्यापासून हा माणूस त्या गावाकडे फिरकला नव्हता. जायचं तरी कसं? आमच्याकडे लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. उंबऱ्यापाशी उभं राहून काय बोलायचं आणि किती वेळ? बोलावणंही कधी आलं नाही.

"तरास नाई जी तिले. खाऊनपिऊन सुखी हाय," बिसनजी म्हणाले. "पन बाजारात तिकडचे लोक भेटतेत. म्हनतेत, तुयी पोरगी बोलतच नाई. गुमान काम करते. माई पारबता जी! इथं हासली त तुमच्या घरी भांडे वाजत."

ते खरंच होतं. त्या पोरीचं हसणं आम्ही भिंतीतून ऐकत आलो होतो.

"बाप म्हनून नाई जाता येत. बाजेवाला म्हनून गेलो त कोन अडवन? बारात तिच्या दारावरूनच जाते. पाहून घेईन." मग ते थांबले. "तिच्या लग्नात म्या वाजवलं नाई. पोरीचा बाप, हात जोडून उभा. जाताना रडून रडून म्हने, बाबा, साऱ्याइच्या लग्नात वाजवलं, माया लग्नात नाई वाजवलं."

"मग तर जायलाच हवं."

"जातो जी. पन समजा, तिच्याच दारापुढं खालून काई दिसलं? मी त येईन निघून. तिले त्याच गावात रायचं हाय. जलमभर आयकाव लागन, तुया बापाचं अमुक दिसलं."

आता मात्र मला त्या चड्डीची खरोखरची काळजी लागली. घरात जाऊन मी सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. त्यांनी पेटीतून माझं एक धोतर काढलं. जुनं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पण आणखी एक दिवाळी आरामात निघाली असती. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते टराटर फाडलं. मग मापं. बिसनजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून उभे, सौभाग्यवती आत, आणि मी मधल्या दारात दोन्हीकडचे निरोप पोचवणारा टपाली.

"गुडघ्याच्या किती वर, विचारा."

"बिसनजी, गुडघ्याच्या किती वर?"

"बाईले म्हना, घागऱ्याच्या खाली दिसू नये आन घागरा उडाला त खालचं दिसू नये."

"हे माप झालं का? घेर किती?"

"बिसनजी, घेर?"

बिसनजी भिंतीला आणखी चिकटले. मग, "बाईले म्हना, सैल."

चड्डी झाली आणि काय सांगू, अंगाला अगदी बेतशीर बसली. लोकर टोचेना, मांड्या घासेनात, सूप हलवलं तरी पुढून-मागून सगळं ठाकठीक. बिसनजींच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी रक्त पाहिलं. मग त्यांनी मशक काखेत घेतली आणि नवंच लचांड उभं राहिलं.

मशक पोटातून फुंकावी लागते. दम भरला की बिसनजींचं ते एवढंसं पोट टम्म फुगायचं आणि दम सोडला की पाठीला लागायचं. नाडी आवळून बांधली, तर दम मावेना. मशकेतून उपाशी करडासारखा आवाज यायचा. सैल बांधली, तर आवाज नागऱ्यापर्यंत गेला, पण सूर संपायच्या आत चड्डी घोट्यापर्यंत आली. बटणं लावली, ती पहिल्याच फुंकरीला तुटून आमच्या तुळशीत पडली. खांद्यावरून पट्ट्या घेतल्या, त्या मशकेच्या नळ्यांत अडकल्या.

बिसनजींनी शेवटी निकाल दिला. "आवरूनच बांधतो जी. दोन गाठी. आवाज कमी झाला त लोक ईसरून जातेत. हे नाई ईसरत कोनी."

"आणि पारबतेला ऐकवायचं?"

"आयकन थोडंसं," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले.

बारातीत मी जावं असं काही कारण नव्हतं. मुलगा माझ्या ओळखीचा नव्हता, मुलगी नव्हती. मी गेलो तो बिसनजींच्या मागे चालायला. काही वावगं दिसलं तर मी खोकायचं, असं ठरलं होतं. बैलगाडीत मांडी घालता येईना म्हणून बिसनजी सगळा रस्ता दांडी धरून उभे राहिले. मधल्या एका बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर गाड्या थांबल्या. बाकीचे पाण्यात पाय सोडून बसले आणि हे झाडामागे जाऊन गाठी तपासून आले.

दवनीवाड्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वेशीपाशी बँड उभा राहिला आणि गाव लोटला. असे घागरे त्या गावाने कधी पाहिले नव्हते. बाया पदर तोंडाला लावून कुजबुजत होत्या. बँड निघाला. ढोल कडाडले, ताशे तडतडले आणि त्यात कुठेतरी मशक कुईंकुईं करत होती. दर पावलाला चुण्या उडत होत्या, आत माझं धोतर पांढरं स्वच्छ चमकत होतं, पण घोर करण्यासारखं काही नव्हतं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "या बाजाले जेवू नाई घातलं का कोनी?" बिसनजींनी ते ऐकलं. मान आणखी खाली गेली.

वळणावर पारबतेचं घर आलं. ओसरीवर सासरे बसले होते, पागोटं बांधून, गंभीर. सासू खांबाला टेकून उभी होती. आणि दाराच्या आत, अर्धी उजेडात अर्धी अंधारात, पदर कपाळापर्यंत ओढलेली पारबता. ती वाळली होती. मलाही पटकन ओळखू आली नाही.

बिसनजी थांबले.

ढोलवाले पुढे जात होते, तेही थांबले. मशक कुईं करून गप्प झाली. बिसनजी दाराकडे पाहत राहिले. मग सगळ्या गावादेखत त्यांनी उजवा हात घागऱ्याखाली घातला. बायांनी तोंडं फिरवली. मी जिवाच्या आकांताने खोकलो. हात बाहेर येईना, कारण गाठी दोन होत्या आणि त्यांनीच मारलेल्या. पहिली सुटली. दुसरी सुटली. बिसनजींनी दम भरला, पोट टम्म फुगलं, आणि मशक वाजली.

मी त्यांना कितीतरी लग्नांत ऐकलं होतं. असं कधीच नाही. लेक सासरी निघताना बाया जे गाणं म्हणतात तेच होतं, पण त्यांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही कडवं न गाळता वाजवलं. सासरे ओसरीवरून उठून उभे राहिले. पारबता उंबऱ्याबाहेर आली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

आणि चड्डी उतरायला लागली.

आधी घागऱ्याखाली पांढरी कड दिसली. मी खोकलो. मग ती गुडघ्याच्या खाली उतरली. मी असा खोकलो की सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला. बिसनजींना काहीही ऐकू जात नव्हतं. पुढच्या कडव्याला चड्डी मोज्यांवर आली आणि मग घोट्यांभोवती गोळा होऊन बसली. पाय बांधलेल्या बैलासारखे ते उभे होते आणि डोळे मिटून वाजवत होते.

मला वाटलं, संपलं सगळं. या पोरीला आता जन्मभर ऐकावं लागणार.

आणि पारबता हसली. आधी पदर तोंडात कोंबला, पण तिला कुठलं आवरतं? रडता रडताच तिला हसू फुटलं. तेच ते, आमच्या घरची भांडी वाजवणारं. सासूने दचकून सुनेकडे पाहिलं, मग व्याह्यांच्या घोट्यांकडे, आणि ती खांबाला धरून हसायला लागली. सगळा रस्ता हसला.

बिसनजींनी गाणं पुरं केलं. डोळे उघडले, खाली पाहिलं. आता हा माणूस कोसळणार म्हणून मी पुढे धावलो. पण देवळाबाहेर वहाणा काढाव्यात तसा त्यांनी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, मशक पुन्हा काखेत दाबली आणि चालायला लागले. वाजवत, ताठ, पुढे. आत काहीही नाही. थेट गोऱ्या साहेबासारखे. चुण्या दर पावलाला उडत होत्या आणि माझा घसा खोकून बसला होता.

मी चड्डी उचलायला वाकलो, तर सासरे म्हणाले, "राहू द्या जी. घरचीच वस्तू हाय." आणि सुनेला म्हणाले, "उचल व माय. तुया बापाची हाय."

काही दिवसांनी आमच्या दाराशी बैलगाडी थांबली. गाडीतून पारबता उतरली, हातात फडक्याची घडी. मागोमाग सासरे. ते माझ्या ओसरीवर बसले आणि जरा ओशाळून म्हणाले, "गड्याच्या हातानं धाडनार होतो जी. पन चड्डी हाय. हासत गावभर दाखवत आला असता. तिसऱ्याच्या हाती कशी द्याव? मंग सुनबाईलेच म्हटलं, बस गाडीत." दिवस कलेपर्यंत ते माझ्याकडे धानाच्या गोष्टी करत बसले आणि भिंतीपलीकडे बाप-लेक बोलत होती. शब्द कळत नव्हते. मधूनच आमची भांडी वाजत होती.

गाडी गेली तेव्हा बिसनजी रस्त्यावर उभे राहिले. गाडी वळली, धूळ खाली बसली, तरी उभेच. मग घरात गेले. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे दिवा लागला नाही. सौभाग्यवतींनी वाढून दिलेलं ताट मी नेऊन ठेवलं, तर अंधारात बसून होते. "हासते जी अजून," एवढंच म्हणाले.

पुढच्या लग्नसराईत छोटेलाल सेठला पुन्हा त्याच बाजूचं बोलावणं आलं. बिसनजी सकाळीच माझ्या ओसरीवर येऊन बसले. हातात घागरा, मोजे, टोपी, केसाळ थैली. सगळं माझ्यापुढे मांडून ते प्रत्येक वस्तू उचलून पाहू लागले आणि ठेवू लागले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"यंदा तिच्या दारात काय ईसरून येऊ, ते पाहून रायलो जी." त्यांनी टोपी उचलली. "हे ईसरलो, त सासरा गड्याच्या हातानं धाडन. मोजेही धाडन. थैली त पोस्टानं येईन." सगळं बाजूला सारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत इतकी काळजी होती की मला मान वर करवेना. "लाजेचीच वस्तू पायजे जी. तवाच पोरगी येते."

मी म्हटलं, "बिसनजी, मग चड्डीच ठेवा."